शाळेची घरभरणी

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी उभा जन्म काढला, पण भूकंपाचं काम वाट्याला आलं ते निवृत्तीच्या तोंडावर. आमच्या भागात जमीन हलते हेच मुळी कुणाला मान्य नव्हतं. वैजापूरकडच्या ज्या गावाची ही हकिकत आहे, तिथं धक्का बसला तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं की कुणीतरी विहिरीत सुरुंग लावला. उरलेल्या अर्ध्या गावाला तो लावणाऱ्याचं नावही ठाऊक होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथून अजून मला दिवाळीला बाजरी येते, आणि पुढे जी म्हैस येणार आहे तिचा मालक भांडखोर आहे.

धक्का रविवारी बसला, म्हणून हे सगळं मी हसत हसत लिहू शकतो. शाळा निजामाच्या काळातली, दगडाची. जाड दगडी भिंत म्हणजे मजबूत असं सगळे समजतात. खरं म्हणजे तिच्यात दोन भिंती असतात, एक आतली आणि एक बाहेरची, आणि मध्ये मातीगोट्यांची भर. जमीन हलली की दोघी फारकत घेतात. या शाळेतली आतली भिंत पहिलीच्या वर्गात कोसळली होती. दगड पडले होते ते बरोबर पोरांच्या बसण्याच्या पट्ट्यांवर. सोमवारी मी पाहणीला गेलो तेव्हा धनगरवाड्यातली सोनाबाई नावाची म्हातारी त्या ढिगासमोर उभी होती. तिनं मला एक दगड दाखवला आणि म्हणाली, "इथं बसती माझी कोंडू." नात समोर अंगणात खेळत होती, तरी म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 

नियमाप्रमाणे पडकी इमारत दिसली की तिच्यावर लाल रंगानं 'धोकादायक' लिहायचं. आम्ही लिहिलं आणि शहरात परतलो. रंगाचा डबा आणि ब्रश मात्र गावातच राहिला. दुसऱ्या दिवशी गेलो तर अख्खं गाव धोकादायक झालेलं. शाळेवर लिहिलंय म्हणजे शाळा नवी मिळणार, हे लोकांनी ओळखलं होतं. मग घरावर लिहिलं तर घर का मिळू नये? गेल्याच वर्षी बांधलेल्या दुमजली बंगल्यावर धोकादायक. पाण्याच्या टाकीवर धोकादायक. एका भावानं दुसऱ्या भावाच्या दारावर लिहिलेलं, त्यात भूकंपाचा काही संबंध नव्हता. आणि एका म्हशीच्या पाठीवर लिहिलेलं. मारकी म्हणून तालुकाभर नाव होतं तिचं. माझ्या मते गावातली तेवढी एकच तपासणी बिनचूक झाली होती.

नवी शाळा होईपर्यंत पोरं बसवायची कुठं हा प्रश्न रावसाहेबांनी सोडवला. रावसाहेब म्हणजे गावातले मोठे कांदेवाले, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि अंदाज नेहमी चुकलेला. त्यांनी आपली रिकामी कांदाचाळ दिली. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, अरुंद खोली. वर पत्रा, आणि वारा खेळावा म्हणून भिंतींना फटी, जमिनीलाही फटी. पहिलीचा वर्ग दाराशी आणि चौथीचा पार टोकाला. चौथीतल्या पोराला लघवीला जायचं झालं की तिसरी, दुसरी आणि पहिली उभी राहायची. पेन्सिली फटींतून खाली पडायच्या आणि मधल्या सुट्टीत सगळी शाळा चाळीखाली रांगायची. निर्मलाबाई नावाच्या एकट्या शिक्षिका हे चारही वर्ग सांभाळत. उन्हाळ्यात नवा कांदा निघाला तेव्हा रावसाहेबांनी दिलेला शब्द मोडला नाही. चाळीत अर्धे कांदे भरले आणि अर्धी पोरं राहू दिली.

त्याच सुमारास एक मोठे साहेब जागा बघायला आले. चाळीच्या तोंडाशी बायका बसून कांद्याची पात कापत होत्या. साहेब आत गेले तर पोरांच्या डोळ्यांत पाणी, बाईंच्या डोळ्यांत पाणी. दोन मिनिटांत साहेबांच्याही डोळ्यांना धार लागली. त्यांनी तिथंच रुमाल काढून भूकंपग्रस्त बालकांपुढे असं काही भाषण केलं की मीही डोळे पुसले, आणि मला तर कारण माहीत होतं. मंजुरीची फाईल त्याच आठवड्यात हलली. इतकी वर्षं आम्ही अंदाजपत्रकं नुसती कोरडी पाठवत होतो याचं मला फार वाईट वाटलं.

भूकंपात टिकणारी शाळा बांधणं तसं अवघड नाही. चार भिंती चार दिशांना पळू नयेत एवढं बघायचं. त्यासाठी जोत्यावर एक, दाराखिडक्यांच्या वर एक आणि छताखाली एक असे लोखंड-काँक्रीटचे पट्टे सगळ्या इमारतीभोवती फिरवायचे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या घालायच्या. हललं तर सगळं एकजीव हलतं. आमचे सलीम मिस्त्री हे काम जीव लावून करत. मी पट्ट्यांची माहिती सांगायला लागलो की रावसाहेब म्हणायचे, "शाळा बांधायलाय का पैलवान उभा करायलाय?"

दसऱ्याच्या सुमारास दोन खोल्या, व्हरांडा आणि खिचडीचं स्वयंपाकघर असं सगळं तयार झालं. इथं मी थांबलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वरून आदेश आला की गावात जनजागृती करा. मग सलीम मिस्त्रींनी गुडघ्याइतक्या उंचीच्या दोन खोल्या बांधल्या, एक साध्या विटामातीची आणि दुसरी पट्ट्यांची. दोन्ही रावसाहेबांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवायच्या, ट्रॅक्टरला मागंपुढं हिसके द्यायचे. साधी खोली कोसळेल, पट्ट्यांची उभी राहील आणि गाव टाळ्या वाजवेल, असा बेत होता. साधी खोली मिस्त्रींनी ट्रॉलीच्या तळाशी मातीनं चिकटवून तिथंच बांधली होती. पट्ट्यांची मात्र दुसरीकडे बांधून चौघांनी उचलून वर नुसती ठेवलेली.

रावसाहेब स्वतः ट्रॅक्टरवर बसले. मी हात वर केला. त्यांनी असा हिसका दिला की पट्ट्यांची खोली अख्खीच्या अख्खी ट्रॉलीवरून घसरली, हवेत गेली आणि गटारीत जाऊन बसली. तिच्यावर चरा नव्हता. ट्रॉलीवरची साधी खोली खिळखिळी झाली, तिची एक भिंत गेली, पण ती आपली जागा धरून होती. मी ओरडलो, "बघा! एवढ्यावरून पडली तरी फुटली नाही!"

गावानं त्यातलं 'पडली' एवढंच घेतलं. "पट्ट्याची पडली," मागून कुणीतरी म्हणालं. मग ते पुढं, पुढून वाड्यात आणि वाड्यातून शिवारात गेलं. मी समजावायला तोंड उघडलं तसा सलीम मिस्त्रींनी माझा हात धरला. "साब, अब चुप बैठो. जित्ता बोलेंगे उत्ता नुकसान."

त्यानंतर निर्मलाबाई रोज सकाळी नव्या शाळेचं कुलूप काढायच्या, उंबऱ्याशी रांगोळी घालायच्या आणि घंटा वाजवायच्या. पोरं पायऱ्यांपर्यंत यायची, रांगोळी बघायची आणि वळून कांद्यांत जाऊन बसायची. आईबापांची ताकीद होती. एक दिवस बाईंनी मला फोन केला.  "साहेब, दिवाळी झाली की धनगरवाड्यातले लोक मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघतील. शाळा नीट भरत असली तरच पोरं आज्यांजवळ मागं ठेवतात. नाहीतर ती मेंढरांमागं जातात. मागं दोघी गेल्या, त्या अजून परत शाळेत आल्या नाहीत. आणि वरून मला सांगितलंय, इमारत वापरात नसेल तर पोरांचा पट नदीपलीकडच्या शाळेत हलवू. पलीकडं पोरींना कोण पाठवतंय?"

मी गावात बैठक बोलावली. रावसाहेबांनी लगेच तोडगा काढला. "आसं करू. माझे कांदे नव्या शाळंत ठेवू आन पोरं चाळीतच ऱ्हाऊ द्या. वर्षभर कांदे टिकले तर पोरं बसवू." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मग सोनाबाई उठली. मेंढरं गेल्यावर वाड्यातली सगळी पोरं तिच्याच भरवशावर मागं राहत. ती हो म्हणाली तर पोरं राहणार, नाही म्हणाली तर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, ह्या घराची घरभरणी झाली का?"

"आजी, ही शाळा आहे. हिचं उद्घाटन होईल. साहेबलोक येतील, फीत कापतील."

"आन फीत कापून झोपतेत कुठं?"

"कुठं म्हणजे? आपापल्या घरी."

"मंग?" तिनं सगळ्या बैठकीकडं बघितलं. "ज्यानं बांधलं त्यो ऱ्हाणार नाय, आन माझ्या कोंडूनं ऱ्हावं व्हय? आमच्यात नव्या घरात आदी मालक ऱ्हातो, बाईमाणसासंगट. दूध उतू जाऊ द्या, चूल पेटवा, दोन दिस ऱ्हाऊन दावा. मंग बघू."

यावर मी नियम सांगणार होतो, पण नियमात याबद्दल काहीच नव्हतं. संध्याकाळी सिडकोतल्या घरी येऊन शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आपल्या स्वतःच्या वास्तुशांतीला तुम्हाला रजा मिळाली नव्हती. माझा भाऊ आणि वहिनी बसले होते. आता जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जोडीनं बसायचंय?" मी मान खाली घातली. थोड्या वेळानं आतून तिची हाक आली, "पैठणी नेसू का साधी नेसू?"

पूजा सांगायला गुरुजी आले तेव्हा खरी पंचाईत झाली. त्यांनी संकल्पासाठी मालकाचं नाव विचारलं. "जिल्हा परिषद," मी म्हणालो.

"गोत्र?"

मी निर्मलाबाईंकडं पाहिलं, त्यांनी फळ्याकडं पाहिलं. गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, "गोत्राचं काश्यप घालू, ते कुणालाही चालतं. पण यजमान सपत्नीक लागतो." जिल्हा परिषद सपत्नीक बसू शकत नव्हती, म्हणून मी बसलो. खिचडीच्या चुलीवर दूध उतू गेलं तेव्हा बायकांनी आनंदानं कल्ला केला.

मग गाव घर बघायला आलं. शालिनीनं एकेकीला हात धरून फिरवलं. "हा पहिलीचा वर्ग, इथं आम्ही निजतो. हा तिसरीचा, इथं सामान ठेवलंय." एकीनं विचारलं, देवघर कुठाय? शालिनीनं पुस्तकांचं कपाट दाखवलं, आणि बाईनं मनापासून त्याला हात जोडले. आहेरात आम्हाला इतके टॉवेल-टोप्या आल्या की शेवटी त्या दप्तरांच्या खुंट्यांवर, बाईंनी लिहिलेल्या पोरांच्या नावांखाली टांगाव्या लागल्या. गावानं माझं घर म्हणून त्या शाळेचं जेवढं कौतुक केलं, तेवढं ती शाळा म्हणून कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातून साहेबांचा फोन आला. कुणीतरी फोटो पाठवला होता आणि कुठल्याशा पेपरात 'अभियंत्याने शाळेत थाटला संसार' अशी बातमी आली होती.

"तुम्ही शाळेत राहायला गेलात?"

"हो साहेब, दोनच दिवस."

"कुटुंबासह?"

"त्यांची अटच तशी होती."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, "पाण्याची सोय आहे ना?" आणि खुलासा मागवतो म्हणून फोन ठेवला.

एवढं करूनही पायऱ्या चढून पोर कुणी आत सोडेना. सोनाबाई पटांगणात लिंबाखाली बसून आमच्यावर नजर ठेवून होती. दोन दिवस पुरे होऊ दे म्हणायची.

दुपार झाली. शालिनी चुलीपुढं पाटावर बसून भाकरी थापत होती. मी पहिलीच्या वर्गात, बनियनवर, डोक्याला आहेरातली टोपी, पेपर वाचत पडलो होतो. खालून घरघर आली. खिडकीची तावदानं वाजली, खुंट्यांवरच्या टोप्या हलल्या. या इमारतीत कुठं किती सळ्या आहेत हे मला पाठ होतं. ती पडणार नाही याची मला इतर कुणाहूनही जास्त खात्री होती. आणि भानावर आलो तेव्हा मी पटांगणाच्या मधोमध अनवाणी उभा होतो.

घराघरांतून माणसं बाहेर आली होती. हलायचं केव्हाच थांबलं होतं. आता सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. रावसाहेब न राहवून हळू म्हणाले, "बांधणाराच पळाला की."

सोनाबाई काठी टेकत माझ्याजवळ आली. "साहेब, तुमची बाई कुठाय?"

 त्या क्षणी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नव्हती. मी आत धावणार एवढ्यात शाळेतून शालिनीचा आवाज आला. "अहो, पीठ संपत आलंय. कुणाला तरी दळण घेऊन पाठवा!"

सोनाबाई माझ्याकडं न बघता कोंडूचा हात धरून पायऱ्या चढली. मी मागोमाग गेलो. म्हातारीनं कोपरे पाहिले, छत पाहिलं, चुलीवरचा तवा पाहिला.

"हाललं ना हितं बी?"

"हललं की," शालिनी म्हणाली. "माझे गुडघे असे, उठेउठेपर्यंत थांबलं."

"भ्या नाय वाटलं?"

"लई वाटलं. पण भाकरी तव्यावर होती, आणि खाली काहीच पडलं नाही."

म्हातारी तिच्याजवळ फरशीवर बसली. कोंडूला शेजारी ओढून म्हणाली, "बस हितं. ह्या बाईच्या जवळ बस." मग दाराकडं वळून वाड्यातल्या बायकांना हाक मारली, "आणा गं पोरं. साहेबाचं सोडा, बाईमाणूस बसलंय आत!" आधी दोन आली, मग झुंडीनं आली. निर्मलाबाई कांदाचाळीतून फळा घेऊन पळत आल्या, नव्या शाळेला दोन मोठे फळे आहेत हे त्या गडबडीत विसरून. त्या दिवशी पहिलीचा वर्ग चुलीभोवती भरला आणि शालिनीनं गरम भाकरीचे तुकडे वाटले. मी भिंती तपासत हिंडत होतो. एका ठिकाणी गिलाव्याला केसाएवढी रेघ होती. तिला भूकंपाची नाही, सलीम मिस्त्रींच्या घाईची म्हणून नोंदवलं.

खुलाशात मी लिहिलं की सदर इमारतीत सपत्नीक वास्तव्य करून तिची भूकंपचाचणी घेण्यात आली. त्यावर पुन्हा काही विचारणा झाली नाही.

दिवाळीनंतर इमारत रीतसर ताब्यात द्यायला मी गेलो, तो नेमका मेंढरं निघायचा दिवस निघाला. रस्त्यावर धूळ उडत होती, घोड्यांवर संसार लादलेला. शाळा भरली होती. सोनाबाई पायरीवर बसली होती. कोंडूची आई कांता कळपातून बाजूला झाली आणि शाळेच्या खिडकीपाशी आली. आत कोंडू पाटीवर मान खाली घालून काहीतरी गिरवत होती. कांतानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मारलीच नाही. मेंढरं परत येईपर्यंत आता पावसाळा उजाडणार होता.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग खिडकीवरून बाजूला झाली, पायातल्या वहाणा घट्ट रोवल्या, दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून भिंत ढकलली. भिंत जागची हलली नाही. तिनं जागा बदलून कोपऱ्यापाशी परत एकदा ढकलून बघितली. मग मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मेंढरांमागं निघाली.

ती वळणापलीकडं दिसेनाशी झाल्यावर मी पिशवी खाली ठेवली आणि तिनं ढकललं होतं तिथंच, दोन्ही हातांनी, एकदा ढकलून बघितलं.